पेन्सिलीनं लिहायचं असतं

“मावशी, मला एक शंका आहे.”

मी मायक्रोटोमचं चाक फिरवत होते. मेणाच्या ठोकळ्यातून गाठीच्या तुकड्याचा पापुद्रा निघत होता, केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. अशा वेळी कुणी माझ्याशी बोललेलं मला खपत नाही, हे तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. या मुलीलाही ठाऊक होतं. पण गेले तीन आठवडे ती दिवसातून दहा वेळा याच वाक्यानं तोंड उघडत होती, म्हणून मी तिचं नाव ‘शंका’ ठेवलं होतं आणि तिनंही ते बिनतक्रार लावून घेतलं होतं.

“विचार.”

“इथे कुणाला नको असलेल्या जुन्या स्लाइड असतात का?”

चाक थांबलं. पापुद्रा तुटला.

आमची संस्था कर्करोगावर संशोधन करते. दर उन्हाळ्यात आठ आठवड्यांसाठी बारा मुलं येतात. ज्यांच्या घरातून कधी कुणी प्रयोगशाळेचं दार पाहिलं नाही, अशी निवडून आणलेली. शंकाची आई आगारात बस धुते. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कामाचा तक्ता भिंतीवर लावायचा, आणि ज्याचं काम चांगलं त्याला संचालक शिफारसपत्र देतात. त्या पत्रावर पुढच्या शिक्षणाची जागा मिळते, फी माफ. तक्ता नाही तर पत्र नाही.

शंकाच्या वाट्याचे नमुने दुसऱ्या रुग्णालयातून यायचे होते, ते आलेच नाहीत. तिच्यावर नेमलेला तरुण डॉक्टर सदा फोनवर. त्यानं फोन कानाला लावूनच तिला सांगितलं होतं, की उरलेले पाच आठवडे फायली लाव. कोपऱ्यातल्या फायलींच्या कपाटाकडे बोट दाखवून.

“मला फायली लावायला हरकत नाही,” शंका म्हणाली. “पण फायली लावलेल्याचा तक्ता कसा काढणार?”

“जुन्या स्लाइड नाहीत,” मी म्हटलं. “जा, जेवून घे.”

मी खोटं बोलले. माझ्या कपाटाच्या तळाशी, जुन्या ॲप्रनच्या घडीखाली एक लाकडी डबा होता. त्यात चाळीस स्लाइड होत्या, कुणालाच नको असलेल्या. फक्त मला हव्या होत्या, आणि त्याही शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर उघडायला. अडतीस वर्षं मी त्या दिवसाची वाट पाहत होते. माणसं म्हणतात, काळ जातो तसा राग निवतो. माझा निवला नाही. मी डूख धरून बसले होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

अडतीस वर्षांपूर्वी या उन्हाळी योजनेची पहिली तुकडी आली, तेव्हा आम्ही चौघं होतो. मी वीस वर्षांची. माझे बाबा इथल्याच रुग्णालयाच्या धुलाईखात्यात. रक्ताच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. माझी निवड झाली त्या संध्याकाळी त्यांनी घरी भिंतीत एक खिळा ठोकला. “प्रमाणपत्राला,” म्हणाले. आई म्हणाली, “अहो, अजून मुलगी पहिल्या दिवशी गेली नाही.” बाबा म्हणाले, “खिळा तयार असावा.”

सहाव्या आठवड्यात चाळीस स्लाइडचं काम आलं. चाळीस रुग्णांच्या गाठींचे बारीक तुकडे, एवढे लहान, की एकेक पापुद्रा कापल्यावर ठोकळ्यात मेणाशिवाय काही उरलं नाही. स्लाइडच्या एका टोकाला काच खरबरीत केलेली असते, तिथे रुग्णाचा क्रमांक लिहितात. शिसपेन्सिलीनं. कारण पुढे स्लाइड रंगवताना अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि पेनाची शाई त्यात विरघळून जाते. पेन्सिल जात नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. काम होतं एका सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरचं. हुशार, घाईतला, खिशाला नवं कोरं पेन. त्यानं खिशातून तेच काढलं आणि भराभर क्रमांक लिहीत सुटला.

“सर, पेन्सिलीनं लिहायचं असतं,” मी म्हणाले.

“तू इथे शिकायला आलीस की शिकवायला?” त्यानं विचारलं, आणि चाळीसही संपवून निघून गेला.

तेव्हाचे आमचे तंत्रज्ञ म्हातारे होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी पेन्सिल घेतली तसा त्यांनी माझा हात धरला. “डॉक्टरांच्या अक्षरावर गिरवायचं नाही. पुढची बाजू त्यांची. मागची आपली.” त्यांनी खणातून काचेवर कोरायची हिरकणी काढून माझ्या हातात दिली. मी प्रत्येक स्लाइडच्या मागे, अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढा आकडा कोरला. एक ते चाळीस. उस्तादांनी नोंदवहीत लिहिलं: कुठल्या आकड्याचा कोण रुग्ण. खाली तारीख आणि एक ओळ: ‘पुढे लिहिले डॉक्टरांनी, पेनाने. मागे कोरले विद्यार्थिनीने.’ डॉक्टरचं नाव घातलं, माझं घातलं आणि सही केली.

स्लाइड रंगवून झाल्या आणि सकाळी पाहिलं तर चाळीसही टोकं कोरी. डॉक्टर माझ्याआधी विभागप्रमुखांच्या खोलीत पोचला होता. मी काखेत नोंदवही घेऊन दारापाशी उभी, माझ्यामागे उस्ताद. डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाला, “मुलीनं पेनानं लिहिलं, सर.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी मी बोलणार होते. वही उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात प्रमुख हसून म्हणाले, “धुलाईवाल्याची मुलगी ना? धुऊनच टाकणार. घरचा धंदा!” आणि डॉक्टरही हसला. त्याच्या अंगावरचा कोट बाबांनी आदल्या दिवशी इस्त्री केलेला होता.

मी वही मिटली. वाटलं, तुझं सगळं काम माझ्या काखेत आहे, आणि मी ते तुला देणार नाही. बुड. उस्तादही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती, मी त्यांना दोष देत नाही. प्रमुखांनी तो डबा फेकून द्यायला सांगितलं. जिन्यात उस्तादांनी तो माझ्या हातात ठेवला, वहीही माझ्या काखेतच राहू दिली. “फेक म्हणाले. कुठे फेक ते नाही म्हणाले.”

मला घरी पाठवलं. प्रमाणपत्र नाही, पुढची जागा नाही. दोन वर्षं मी बाबांच्या शेजारी चादरींच्या घड्या घातल्या. मग उस्तादांनी निवृत्त होताना मला आपल्या जागी आणलं. तो डॉक्टर तिथेच होता. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखायला आधी बघावं लागतं.

पुढे तो मोठा झाला. वर्षादोन वर्षांचं काम बुडालं, पण अशा माणसांना दुसरं काम मिळतं. आता तोच संचालक. ही उन्हाळी योजना त्याच्या मिरवण्याची. दर वर्षी शेवटच्या दिवशी सभागृहात तो भाषण करतो आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगतो: “आमच्याकडे पहिल्या तुकडीत एक मुलगी होती. चाळीस स्लाइडवर पेनानं लिहिलं! वडील धुलाईखात्यात होते म्हणे. तिनं सगळं धुऊनच टाकलं.” सभागृह हसतं. जिच्या आईनं सकाळी चार घरची भांडी घासली असतील, ती मुलगीही हसते, कारण संचालक हसत असतात. मी मागच्या रांगेत बसून ही गोष्ट एकवीस वेळा ऐकली. पहिल्या दोनचार वेळा त्याच्या आवाजात जरा चाचरणं होतं. नंतर तेही गेलं. स्वतःच्या थापेवर त्याचा विश्वास बसला होता.

यंदा माझी निवृत्ती त्याच दिवशी होती. निरोपाचं घड्याळ देतात आणि दोन मिनिटं बोलू देतात. त्या दोन मिनिटांसाठी मी डबा ठेवला होता.

आणि आता ही शंका जुन्या स्लाइड मागत होती.

सुट्टीत मी माझा जेवणाचा डबा उघडला, झाकण लावलं, पुन्हा उघडला. मी विचार केला तो असा. मी दोन मिनिटं बोलेन. म्हातारी चळली म्हणतील, टाळ्या वाजवतील आणि घड्याळ देऊन जिना दाखवतील. पण जे भिंतीवर तक्ता म्हणून लागतं, ते इथे खरं मानतात. सूड नुसता ओकून टाकण्यापेक्षा कामाला लावावा.

शंका फायलींच्या कपाटापुढे जमिनीवर बसली होती. मी तिच्यापुढे डबा आणि वही ठेवली आणि सगळं सांगितलं. कुठलंही नाव न गाळता. तिनं एकही शंका न काढता ऐकलं. मग एक काढली.

“माझं पत्र?”

“त्यांची सही आदल्या दिवशी होते. फाईल मीच नेते. आधी सही, मग तक्ता लागेल.”

“मग चालेल,” ती म्हणाली.

पोरगी कामाला वाघ निघाली. स्लाइड अंधारात राहिल्यामुळे रंग टिकला होता, थोडा फिका झालेला. एकेक स्लाइड उलटी करून ती भिंगातून कोपऱ्यातला आकडा वाचायची, वहीत रुग्ण शोधायची आणि तळघरातल्या नोंदीखोलीत जाऊन त्या माणसाचं पुढे काय झालं ते काढून आणायची. संध्याकाळी धुळीनं पांढरी होऊन वर यायची. आठवडाभरानं तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

“हे बघा, गाठीच्या कडेला बारीक निळे ठिपके. शरीराच्या लढणाऱ्या पेशी. ज्यांच्या गाठीभोवती त्यांनी असा वेढा घातलाय ना, ती माणसं जास्त जगलीत. चाळिसातली चौदा.”

“हे तर आता सगळ्यांना माहीत आहे.”

“आता. तेव्हा नव्हतं.” तिनं ती स्लाइड डब्यात ठेवली. “मावशी, मला एक शंका आहे. तुम्ही हा डबा तेव्हाच का नाही दिलात?”

“गप्प बस आणि मोज.”

तिनं मान खाली घातली. पण प्रश्न काही खाली गेला नाही. मी त्या डॉक्टरला बुडवायला गेले आणि त्या चाळीस माणसांनाही अडतीस वर्षं ॲप्रनखाली दडपून ठेवलं. त्यांनी काही माझ्या बाबांची थट्टा केली नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही, आधीही कळत होतं. मी कळू देत नव्हते. कळूनही मला त्या माणसाची दया आली नाही, तेही सांगते. उलट हाही हिशेब त्याच्याच नावावर टाकावासा वाटला. मग लक्षात आलं, की निम्मा माझा आहे.

आदल्या दिवशी मी फाईल घेऊन संचालकांच्या खोलीत उभी राहिले. शंकाच्या पत्राला तिच्या डॉक्टरनं न वाचताच होकार भरला होता, फोनवर होता. संचालकांनी पेनाचं टोपण काढलं.

“कशावर काम केलं हिनं?”

“जुन्या स्लाइडवर, सर.”

“छान. आजकाल जुन्याकडे कोण बघतो?” त्यांनी झोकदार सही केली. मी शाई वाळेपर्यंत थांबले, पत्र घेतलं आणि ते थेट शंकाच्या हातात दिलं. ती ते घेऊन तडक टपाल कार्यालयात गेली, पोच घेऊन आली. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलांचे आईबाप धुवट कपड्यांत अंग चोरून बसले होते. शंकाची आई पायातले रबरी बूट बदलायला विसरली होती, ते खुर्चीखाली ओढून घेत होती. संचालकांनी भाषण केलं, पेनाची गोष्ट सांगितली. “घरचा धंदा,” म्हणाले. सभागृह हसलं. शंकाची आई नीट कळलं नसावं तशी हसली. शंका हसली नाही. मला घड्याळ मिळालं. दोन मिनिटं बोला म्हणाले, मी म्हटलं, बोलायचं काही नाही, सगळ्यांनी तक्ते जरूर पाहावेत.

संचालक तक्ते बघत निघाले, मागे डॉक्टरांचा घोळका आणि आईबाप. सातवा तक्ता शंकाचा. ते आधी आकृत्यांसमोर मान डोलवत उभे राहिले. मग डाव्या बाजूला ‘साहित्य आणि पद्धत’ वाचू लागले. तिथे लिहिलं होतं: ‘स्लाइडवरील क्रमांक पेनाने लिहिल्यामुळे पुसले गेले होते. विद्यार्थिनीने त्याच दिवशी मागे कोरलेल्या आकड्यांवरून रुग्ण पुन्हा ओळखले. मूळ नोंदीचे छायाचित्र खाली.’ छायाचित्रात उस्तादांचं गोल अक्षर, तारीख, सही आणि दोन नावं. त्यांतलं एक सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

त्यांची मान डोलायची थांबली. मागच्यांनी वाचलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना वाट करून दिली.

“हे कुठून आलं?” त्यांनी विचारलं.

“सर, मला एक शंका आहे,” शंका म्हणाली. “ती मुलगी पेनानं लिहिणारी असती, तर तिनं आकडे कोरले कशाला असते?”

कुणी हसलं नाही. संचालक घोळक्याकडे वळले. “फार जुनी गोष्ट आहे. त्या मुलीचं पुढे काय झालं देव जाणे. ती असती तर...”

“आहे,” मी म्हटलं. “तिसऱ्या मजल्यावर. छत्तीस वर्षं तुमची प्रत्येक स्लाइड तिनंच कापलीय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा.

“आणि सर, धुलाईवाल्याची मुलगी पेनानं कशी लिहील? शाई स्पिरिटनं जाते हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशाचे डाग बाबा त्यानंच काढायचे, तुमच्याही. घरचा धंदा.”

त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. चेहरा उतरला होता. मी अडतीस वर्षं तो चेहरा मनात रंगवला होता, पण तो असा म्हातारा असेल हे कधी रंगवलं नव्हतं.

“मी खरंच विसरलो होतो,” ते हळू म्हणाले. मला वाटतं, ते खरं होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

“मी नाही विसरले.”

“काय हवंय तुम्हाला, बाई?”

“प्रमाणपत्र. आठ आठवड्यांचं. पहिल्या तुकडीचं.”

“सोमवारी छापून...”

“सोमवारी मी इथे नसते. आत्ता. हातानं.”

शंकानं शेजारच्या टेबलावरून एक कोरं प्रमाणपत्र आणून ठेवलं. संचालक खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. मी ॲप्रनच्या खिशातली पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. ते क्षणभर पेन्सिलीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली आणि वर पाहिलं. माझं नाव काय लिहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. तक्त्यावर त्यांच्या नाकासमोर होतं, तरी मी ते एकेक अक्षर सांगितलं, बाबांच्या नावासकट. मग अडतीस वर्षांपूर्वीची तारीख सांगितली. आणि खाली एक ओळ: ‘हिने पेन्सिलच सांगितली होती.’ त्यांनी ती लिहिली. पेन्सिलीचं टोक एकदा मोडलं, मी दुसरी दिली.

शंकाच्या आईला कुणीतरी कुजबुजत सगळं समजावत होतं. ती बूट वाजवत पुढे आली, कागद दोन्ही हातांनी धरून तिनं पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

मी ऊन असतानाच घरी पोचले. कुलूप काढलं, घड्याळ टेबलावर ठेवलं. घरात सांगायला कुणी नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, बाबांना जाऊन एकोणीस. जाईपर्यंत त्यांनी त्या खिळ्याला काही टांगू दिलं नव्हतं. कॅलेंडर आणलं तर ते दुसऱ्या भिंतीला लावायचे. ते गेल्यावर मी त्याला घराच्या किल्ल्या अडकवू लागले, हाताशी असतात म्हणून. आजही आत आल्या आल्या सवयीनं अडकवल्या होत्या.

मी त्या काढल्या. चौकट नव्हती, कागद तसाच खिळ्यात टोचून लावला, आणि किल्ल्या हातात धरून समोर उभी राहिले.